एकाच्या कृत्याची शिक्षा गावाला: युद्धाचा कायदा काय म्हणतो आणि ती ओळखायची कशी

दापोली तालुक्यातील एका इतिहासशिक्षकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. युद्धाच्या काळात एखादे गाव शत्रूच्या माणसांना आसरा देते, जेवू घालते, विचारायला गेले तर तोंड मिटून बसते. अशा गावाचे पाणी, धान्य किंवा होड्या सैन्याने बंद केल्या, अथवा गावावर सरसकट दंड बसवला, तर त्यात एवढे चुकते कुठे? गाव म्हणून काही जबाबदारी असतेच ना? आणि सुरक्षेसाठी केलेली कारवाई व शिक्षा म्हणून केलेली कारवाई यांतला फरक बाहेरच्या माणसाने ओळखायचा कसा? मी सैन्याच्या कायदा शाखेत नोकरी केली, निवृत्तीनंतर रत्नागिरीत वकिली करतो आणि विधी महाविद्यालयातील मुलांना हा विषय अधूनमधून शिकवतो. या तीन प्रश्नांपैकी तिसरा खरा अवघड आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो. पहिल्या दोहोंची उत्तरे कायद्याने देऊन ठेवली आहेत.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ३३ प्रमाणे, जो गुन्हा एखाद्या संरक्षित व्यक्तीने (म्हणजे परक्या सत्तेच्या हाती सापडलेल्या नागरिकाने) स्वतः केलेला नाही त्याबद्दल तिला शिक्षा करता येत नाही. सामूहिक शिक्षा, दहशत बसवण्याचे उपाय, लूट आणि सूड म्हणून केलेली कारवाई या सर्वांना त्याच कलमाने बंदी आहे. पुढच्या कलम ३४ ने ओलीस ठेवण्यास मनाई केली आहे. या बंदीला ‘लष्करी निकड असल्यास’ असा अपवाद जोडलेला नाही, आणि ही बाब महत्त्वाची आहे. त्याच कराराचे कलम ५३ मालमत्तेच्या नाशाबद्दल बोलताना लष्करी कारवाईसाठी अगदी अपरिहार्य असल्यास मुभा देते. कलम ३३ तशी मुभा देत नाही. याचा अर्थ, पूल उडवणे निकडीचे होते असा युक्तिवाद न्यायालयापुढे करता येतो, पण गावाला उपाशी ठेवून धडा शिकवणे निकडीचे होते असा युक्तिवाद करायलाही जागा ठेवलेली नाही.

गावाच्या जबाबदारीविषयीचा आपला मुद्दा मात्र पोकळ नाही, कारण कायद्यानेही एके काळी तो मान्य केला होता. १९०७ च्या हेग नियमावलीचे कलम ५० असे सांगते की, ज्या कृत्यांबद्दल लोकसंख्येला संयुक्तपणे जबाबदार धरता येत नाही अशा व्यक्तिगत कृत्यांसाठी तिच्यावर सरसकट दंड बसवू नये. यातली फट कोणाही वकिलाच्या लगेच लक्षात येईल. संयुक्त जबाबदारी दाखवता आली तर दंड चालेल, असाच त्याचा उलटा अर्थ निघतो. ती जबाबदारी ठरवणार कोण? तर ज्याचा सैनिक मारला गेला आहे तोच सेनापती. पुढची चाळीस वर्षे युरोपातील सैन्ये या फटीतून आतबाहेर करत राहिली.

त्याआधीची रीत काय होती हे पाहायला दापोलीकरांना लांब जायची गरज नाही. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आणि गुजरातचे आरमार पोर्तुगीजांवर तुटून पडले. त्या लढाईत लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्याचा बाप फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय होता. शत्रूच्या आरमाराच्या शोधात दीवकडे निघालेला हा माणूस त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरीस वाटेत दाभोळला उतरला, आणि त्याने ते बंदर जाळून तिथल्या रहिवाशांची कत्तल केली. दाभोळ आदिलशाहीचे होते. चौलच्या लढाईतले आरमार ना दाभोळचे होते, ना आदिलशहाचे. दाभोळचा दोष एवढाच की ते वाटेत होते, श्रीमंत होते, आणि त्याची राख झालेली किनाऱ्यावरच्या इतर बंदरांना दिसणार होती. दीवची लढाई नंतर, फेब्रुवारी १५०९ मध्ये झाली. ज्यांच्याशी भांडण होते ते तिथे होते. सामूहिक शिक्षेचे बहुतेक सारे घटक या एका प्रकरणात सापडतात: शिक्षा ज्याच्यावर पडते तो आणि गुन्हा करणारा वेगळे, आणि शिक्षेचा रोख तिसऱ्याच कोणाकडे तरी असतो.

पुढच्या शतकांत हीच रीत नियमांच्या आणि हिशेबाच्या कपड्यांत वावरू लागली. जानेवारी १८७१ मध्ये फ्रेंच गनिमी पथकाने फोंतनॉय येथील रेल्वेपूल उडवला, तेव्हा प्रशियाच्या सैन्याने गाव जाळले आणि साऱ्या लॉरेन प्रांतावर एक कोटी फ्रँकचा दंड बसवला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिशांनी शेतघरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत सुमारे २८,००० बोअर दगावले, त्यांत बहुसंख्य मुले होती. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो मेले, आणि त्यांची मोजदाद धड कोणी ठेवली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सर्बियात एका मेलेल्या जर्मनामागे शंभर आणि जखमीमागे पन्नास असे प्रमाणच ठरवून दिले. ऑक्टोबर १९४१ मध्ये क्रागुयेवात्स शहरात त्या हिशेबाने दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत शाळेतून उचललेले विद्यार्थीही होते. जून १९४२ मध्ये हाइड्रिख या बड्या नाझी अधिकाऱ्याच्या हत्येनंतर लिडित्से हे झेक गाव भुईसपाट केले गेले आणि तिथल्या १७३ पुरुषांना जागीच गोळ्या घातल्या गेल्या. हल्लेखोरांशी त्या गावाचा काही संबंध नव्हता.

युद्ध संपल्यावर न्युरेंबर्गला बाल्कन प्रदेशातील जर्मन सेनापतींवर खटला चालला. १९४८ च्या त्या निकालाने बहुतेक सेनापतींना दोषी ठरवले, पण सोबत असेही म्हटले की सर्व उपाय थकल्यावर, ठरावीक अटी पाळून ओलिसांना ठार मारणे त्या वेळच्या कायद्यात बसू शकत होते. न्यायाधीशांना स्वतःलाच ही गोष्ट रानटी वाटत होती, पण कायदा जसा आहे तसाच वाचणे त्यांना भाग होते. पुढच्याच वर्षी जिनिव्हाला जमलेल्या मुत्सद्द्यांसमोर हा ताजा निकाल होता. म्हणून कलम ३३ मध्ये ‘संयुक्त जबाबदारी’ हे शब्द नाहीत. ते नजरचुकीने गळलेले नाहीत, फट बुजवण्यासाठी काढलेले आहेत. ‘गाव म्हणून जबाबदारी’ हा युक्तिवाद त्या दिवसापासून कायद्यात उभा राहत नाही.

कोकणात ही गोष्ट समजावून सांगताना मी गावकीचे उदाहरण देतो. रायगड आणि रत्नागिरीत वाळीत टाकण्याची प्रकरणे इतकी झाली की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७ पासून लागू झाला. अशा प्रकरणात मूळ कारण बहुधा एका माणसाचे असते. कोणी निवडणुकीला उभा राहिला, कोणी देवळाच्या हिशेबावर बोट ठेवले, कोणी जातीबाहेर लग्न केले. पाणवठा मात्र साऱ्या घराला बंद होतो, दुकानदार त्या घरच्या मुलालाही साखर देत नाही, आणि मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. गावकीचे म्हणणे असते की घराने त्याला आवर घालायला हवा होता. सैन्याचे म्हणणेही नेमके हेच असते. आपल्या प्रश्नातल्या गावाने शत्रूला जेवू घातले खरे, पण रात्री दोन वाजता बंदूकधारी माणसे दारात उभी राहिल्यावर भाकरी वाढणारी बाई आसरा देते की जीव वाचवते, हे दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून येणाऱ्या अधिकाऱ्याला कळायचे साधन नसते. ज्याने खरोखर मदत केली त्याला पकडून पुराव्यानिशी खटला चालवायचा अधिकार कायद्याने त्या अधिकाऱ्याला पूर्ण दिला आहे. तो मार्ग वेळखाऊ असतो, म्हणूनच गावाला धरण्याचा मोह होतो.

आता तिसरा प्रश्न. सामूहिक शिक्षा देणारा कोणीही तिला शिक्षा म्हणत नाही. संचारबंदी, तपासणी, ‘पुढील आदेशापर्यंत’ बंद, असेच शब्द कागदावर असतात. आणि यातल्या कित्येक गोष्टी कायदेशीर असू शकतात, कारण चौथ्या कराराचे कलम २७ युद्धामुळे आवश्यक ठरणारे नियंत्रणाचे व सुरक्षेचे उपाय योजण्याची मुभा देते. गावाला वेढा घालून घरोघर तपासणी करणे लोकांना जाचक वाटते, पण तेवढ्याने ती शिक्षा होत नाही. त्रास किती झाला यावरून ही गोष्ट ठरत नाही, हे आधी पक्के करावे लागते.

हर्णैचे बंदर डोळ्यांसमोर आणा. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै राज्यभर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. दोन महिने होड्या शाकारलेल्या, लिलाव बंद, खलाशी आपापल्या गावी गेलेले, बर्फाच्या कारखान्यात शुकशुकाट, आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका सुक्या मासळीवर दिवस काढत असतात. मिळकत बुडते, पण ही शिक्षा आहे असे कोणी म्हणत नाही, कारण ती माशांच्या विणीसाठी आणि पावसाळ्यातल्या समुद्राच्या भीतीने आहे, सर्वांना सारखी आहे आणि केव्हा संपणार हे आधीच माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रे सक्तीची झाली, होड्यांची नोंदणी व रंग यांवर कडक नजर आली, समुद्रात तपासण्या वाढल्या. तांडेल मंडळींनी कुरकूर केली आणि अजून करतात. तीही शिक्षा नव्हे. होडीतून पुन्हा हल्ला होऊ नये हा तिचा हेतू आहे, आणि कागद बरोबर असला की होडी सुटते.

आता कल्पना करा की युद्ध चालू आहे, बंदर परक्या सैन्याच्या ताब्यात आहे, आणि एका रात्री किनाऱ्यावरून गस्ती नौकेवर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी निघालेला हुकूम दोन प्रकारे लिहिता येईल. पहिला असा: ‘खाडीच्या मुखाशी सुरुंगांचा शोध चालू असल्यामुळे शोध पूर्ण होईपर्यंत सर्व होड्या किनाऱ्यावर ठेवाव्यात, आजारी माणसांना नेणाऱ्या होडीस परवानगी मिळेल.’ दुसरा असा: ‘गोळीबार करणाऱ्यांची नावे मिळेपर्यंत या बंदरातील एकही होडी समुद्रात जाणार नाही.’ दोन्ही हुकमांनी होड्या तेवढ्याच दिवस बंद राहतील, कदाचित पहिल्याने जास्तच. तरीही दुसरा हुकूम बेकायदेशीर आहे आणि पहिला बहुधा नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की हुकूम कशामुळे निघाला हे वाचण्याआधी तो कशामुळे उठणार आहे ते वाचा. धोका संपल्यावर उठणारा हुकूम सुरक्षेचा असू शकतो. लोकांनी कोणाला तरी स्वाधीन केल्यावर, माफी मागितल्यावर किंवा पुरेसे वाकल्यावर उठणारा हुकूम शिक्षेचा असतो. त्याखेरीज आणखी दोन गोष्टी मी पाहतो: धोक्याशी ज्याचा संबंधच लागू शकत नाही अशा कोणाकोणाला त्या हुकमातून सूट आहे, आणि हुकमात असे काही बंद केले आहे का की ज्याचा गोळीबाराशी काहीच धागा जुळत नाही. होड्यांचा जुळतो. दवाखान्याची वीज तोडण्याचा कसा जुळवणार?

हे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातील ओस्लो करारांनी गाझाच्या मच्छीमारांना २० सागरी मैलांपर्यंत जाण्याची मुभा दिली होती. प्रत्यक्षात ती हद्द वर्षानुवर्षे खालीवर होत राहिली आणि काही काळ ३ मैलांवर आली. आपल्याकडे तीन मैलांत किती मासळी मिळते हे कोणत्याही तांडेलाला विचारा. ऑगस्ट २०२० मध्ये गाझातून सोडलेल्या पेटत्या फुग्यांना उत्तर म्हणून इस्रायलने ती हद्द पूर्ण बंद केली. फुगे जमिनीवरून सुटत होते आणि बंद झाला समुद्र. धागा जुळत नाही म्हणतात तो असा. जून २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने, जी एरवी जाहीर दोषारोप टाळते, गाझाची नाकेबंदी ही सामूहिक शिक्षा आहे असे उघड म्हटले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या पामर समितीने समुद्रातून शस्त्रे येऊ नयेत यासाठीची सागरी नाकेबंदी तेवढी कायदेशीर मानली, आणि संयुक्त राष्ट्रांच्याच दुसऱ्या तज्ज्ञांनी ते मत लगेच खोडून काढले. माझे मत विचाराल तर शस्त्रांसाठी समुद्र अडवणे आणि रोजच्या धान्याला, सिमेंटला, मासेमारीला कात्री लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पामर समितीने त्या सोयीस्करपणे वेगळ्या काढून पहिलीवरच बोट ठेवले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. ओलीस नेणे हाही माणसांना त्यांच्या सरकारच्या कृत्याबद्दल भोगायला लावण्याचाच प्रकार आहे आणि त्यालाही कायद्यात कोणतीही सबब नाही. दोन दिवसांनी इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी गाझाचा संपूर्ण वेढा जाहीर केला, त्यात वीज, अन्न, इंधन सारे बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान आणि ते माजी संरक्षणमंत्री यांच्याविरुद्ध, तसेच हमासच्या लष्करी प्रमुखाविरुद्ध अटक वॉरंट काढले. इस्रायली नेत्यांवरचा एक आरोप उपासमारीचा युद्धतंत्र म्हणून वापर केल्याचा आहे. ‘सामूहिक शिक्षा’ हे शब्द आरोपांत नाहीत, आणि त्याचे कारण पुढे येईल.

घरे पाडण्याचा प्रकार याच जातीचा आहे. पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल असताना १९४५ च्या आणीबाणी नियमांतल्या नियम ११९ ने हल्लेखोराचे घर पाडण्याचा अधिकार सेनापतीला दिला. तोच नियम इस्रायल आजही वापरतो. घरात राहणारे आईबाप, बायको, मुले यांचा दोष कोणी सिद्ध केलेला नसतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा नसून इतरांना वचक बसवण्याचा उपाय आहे असे म्हणून ती बहुधा उचलून धरली. हे कोडे मला कधीच सुटले नाही, कारण निर्दोष माणसाला दुखवून दुसऱ्याला वचक बसवणे हीच तर सामूहिक शिक्षेची व्याख्या आहे. तिथल्या सैन्याच्याच एका समितीने २००५ मध्ये या पाडापाडीने वैर वाढते, फायदा होत नाही, असा निष्कर्ष काढला आणि ती थांबली. काही वर्षांनी ती पुन्हा सुरू झाली.

हे वाचून आपण म्हणाल की हे सारे परक्यांचे झाले. तसे नाही. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातच छापली होती. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ‘अशांत’ भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करता येतो. १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू अजून सापडलेले नव्हते, तेव्हा साऱ्या पुण्यावर असे पोलीस बसले आणि त्यांचा भुर्दंड पुणेकरांनी भरला. १९१९ च्या एप्रिलात अमृतसरच्या एका गल्लीत मार्सेला शेरवूड या मिशनरी बाईंवर जमावाने हल्ला केला, म्हणून जनरल डायरने त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे असा हुकूम काढला. गल्लीत राहणाऱ्यांना दुसरी वाट नव्हती. आणि शेरवूडबाईंना उचलून आसरा देणारे, त्यांचा जीव वाचवणारे लोकही तिथलेच होते. १९४२ च्या चळवळीत सामूहिक दंडाचा वटहुकूम निघाला आणि गावेच्या गावे दंडाखाली आली.

ही कलमे स्वातंत्र्यानंतर लगेच विझली नाहीत. राजस्थान सरकारने झुंझुनू जिल्ह्यातील काही गावांवर असे जादा पोलीस बसवले आणि खर्चाच्या वसुलीतून हरिजन व मुसलमान रहिवाशांना वगळले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट घटनेच्या कलम १५ विरुद्ध ठरवली. तर्क साधा होता: बाकीच्या जातींतही शांतताप्रिय माणसे असणारच, मग जात पाहून भार कसा टाकता? हा तर्क आणखी एक पाऊल नेला तर साऱ्या कलमालाच लागू पडतो, पण न्यायालयापुढे तेवढा प्रश्न नव्हता. मिझोराममध्ये १९६६ च्या उठावानंतर, १९६७ च्या जानेवारीपासून आपल्याच सैन्याने शेकडो वाड्यावस्त्या रिकाम्या करून लोकांना पहारेबंद गावांत एकत्र आणले. बंडखोरांची रसद तोडणे हा लष्करी हेतू खरा होता. पण मूळ गावांतली घरे आणि धान्य जाळले गेले, आणि त्याची आठवण तिथे आजही आहे. मी ज्या गणवेशात होतो त्याच गणवेशातल्या माणसांनी ते केले, म्हणून ते मी वर्गात वगळत नाही.

त्याउलट एक प्रकरण आपल्या किनाऱ्याचे. १९९३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली. खटला चालला तो माणसांवर, एकेकाचा पुरावा तपासून. दोषी ठरलेल्या शंभर जणांत सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातले लोकही होते. शेखाडीवर दंड बसला नाही. तो काळ युद्धाचा नव्हता हे मान्य, पण व्यक्तिगत दोष शोधण्याचा मार्ग मोठ्या हल्ल्यानंतरही चालवता येतो हे त्यावरून दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी आरोपींची घरे बुलडोझरने पाडण्याविरुद्ध निकाल दिला, त्यातही एका माणसावर आरोप आहे म्हणून साऱ्या कुटुंबाचे छप्पर काढणे ही सामूहिक शिक्षा होय आणि ती घटनेत बसत नाही असे म्हटले आहे, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीची अट घातली आहे.

आता कायद्याच्या उणिवा, कारण त्या सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. चौथा करार मुख्यतः परक्या सत्तेच्या हाती सापडलेल्या माणसांचे रक्षण करतो. स्वतःच्याच देशातील बंडाळीत सरकारने आपल्याच नागरिकांचे गाव जाळले तर कलम ३३ थेट लागत नाही. चारही करारांत समान असलेल्या कलम ३ मध्ये सामूहिक शिक्षेचा नावाने उल्लेख नाही. १९७७ च्या दुसऱ्या पूरक कराराने (प्रोटोकॉल) तो केला, पण भारताने त्या वर्षीचे दोन्ही पूरक करार स्वीकारलेले नाहीत. तरीही ही बंदी आता रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग आहे असे बहुतेक जाणकार मानतात आणि मीही मानतो. म्यानमारच्या सैन्याने ऑगस्ट २०१७ मध्ये रोहिंग्या बंडखोरांनी पोलीस चौक्यांवर केलेल्या हल्ल्याचे उत्तर गावे जाळून दिले आणि सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली, तेव्हा ‘हा आमचा घरचा प्रश्न’ हे उत्तर फारशा कोणी ऐकून घेतले नाही.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. सामूहिक शिक्षा बंद आहे, पण चौथ्या कराराच्या कलम १४७ मधील गंभीर उल्लंघनांच्या यादीत ती नाही, आणि १९९८ च्या रोम संविधीतही (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मूळ करारातही) ती स्वतंत्र गुन्हा म्हणून नाही. म्हणून वकिलांना तिचे तुकडे करून आरोप लावावे लागतात: खून, ओलीस, बेकायदा स्थलांतर, मालमत्तेचा नाश, उपासमार. गाझाच्या वॉरंटांत हे शब्द नसण्याचे कारण तेच. रवांडा आणि सिएरा लिओनसाठी नेमलेल्या न्यायालयांच्या संविधींत मात्र हा गुन्हा नावाने होता. सिएरा लिओनच्या अपील कक्षाने २००८ मध्ये त्याची दोन अंगे सांगितली: लोकांवर सरसकट लादलेली शिक्षा, आणि ती सामूहिकपणे देण्याचा विशेष हेतू. तो हेतू सिद्ध झाला नाही म्हणून त्या खटल्यात या आरोपावरची दोषसिद्धी रद्दही झाली. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे, पण तो मुख्यतः गंभीर उल्लंघनांपुरता आहे आणि सरकारच्या तक्रारीखेरीज न्यायालय दखल घेऊ शकत नाही. गोव्यातील एका पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलेल्या पाद्र्याने या कराराचा आधार घेतला, तेव्हा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा व्यक्तीला थेट दाद मागण्याचा हक्क देत नाही असे सांगितले. राहता राहिले घटनेचे समानतेचे कलम १४ आणि जीवित-स्वातंत्र्याचे कलम २१, आणि माझ्या मते भारतीय वकिलाने आधी तिथूनच सुरुवात करावी.

‘शत्रूनेही हेच केले’ या सबबीबद्दल दोनच वाक्ये पुरतील. सैन्याविरुद्ध सूडाची कारवाई काही मर्यादांत अजून कायद्यात उरली आहे, पण हाती सापडलेल्या नागरिकांविरुद्ध ती कलम ३३ ने पूर्ण संपवली आहे. समोरच्याने करार मोडला म्हणून आपण त्यातून सुटत नाही, कारण हे वचन समोरच्या सरकारला दिलेले नसते.

हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तरुण वकिलांना आणि पत्रकारांना मी एकच काम सांगतो. घर जळाल्याचे फोटो सगळेच काढतात, पण हेतू फोटोत येत नाही. लेखी हुकमाची प्रत मिळवा. ती नसेल तर भोंग्यावरून नेमके कोणते शब्द बोलले गेले ते त्याच दिवशी, ऐकणाऱ्या दोनतीन माणसांकडून वेगवेगळे लिहून घ्या. हुकूम हल्ल्यानंतर किती तासांनी निघाला, त्यावर कोणाची सही होती, पाणी बंद असताना लष्कराच्या हाती तपासणीचे दुसरे कोणते काम चालू होते की नुसती वाट पाहणे चालू होते, आणि अखेर हुकूम कशानंतर उठला, हे नोंदवा. सिएरा लिओनच्या निकालात जे कमी पडले ते याच प्रकारचे होते. आपल्या विद्यार्थ्यांना दाभोळचा धडा शिकवताना हीच प्रश्नावली आल्मेदाच्या आरमारापुढे ठेवून पाहा. कागदपत्रे पाचशे वर्षांपूर्वीची असली तरी बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांत मिळतात.